विश्लेषण : हातपंपाचे पाणी, दातांवरचे डाग आणि दहावीचा विज्ञानाचा पेपर

शाळा सुटून पंधरा-वीस वर्षे झालेली माणसे पुन्हा दहावीला बसतात, तेव्हा गणित आणि इंग्रजीइतकीच धास्ती विज्ञानाची असते. व्याख्या पाठ होतात, पण ‘शास्त्रीय कारणे लिहा’ म्हटले की पेन थांबते. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात वैज्ञानिक पद्धत शिकवायला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. फ्लोराइडयुक्त पाणी, पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी आणि फवारणीचे पंप हे सगळे गावातच आहे. प्रौढ परीक्षार्थींना ही पद्धत शिकवायची कशी आणि त्यातून गुण कसे मिळतात, याचा हा आढावा.

पुन्हा परीक्षेला कोण बसते?

नियमित शाळेत न जाता दहावी देण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे ‘१७ नंबरचा फॉर्म’. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून नोंदणी करायची, नेमून दिलेल्या शाळेशी संपर्क ठेवायचा आणि मुख्य परीक्षेला बसायचे. यवतमाळ जिल्हा मंडळाच्या अमरावती विभागात येतो. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे ‘एनआयओएस’चा. तिथे विषय निवडायची मुभा असते. त्यामुळे अनेक जण विज्ञानाला वळसा घालून जातात.

तो वळसा प्रत्येकाला परवडतोच असे नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या पदांसाठी राज्यात आता बारावी उत्तीर्ण ही अट आहे. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या बाईसाठी त्या वाटेवरचा पहिला टप्पा दहावीच. शिवाय परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि कापसाची वेचणी त्याच्या आधीचे सगळे महिने खाऊन टाकते. दिवसभर वावरात वाकून आलेल्या माणसाला रात्री पाठांतर करायला सांगणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. अभ्यास करायचा तो दिवसा डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टींवरच करावा लागतो.

अडते नेमके कुठे?

राज्य मंडळाच्या सध्याच्या रचनेत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग आहेत. प्रत्येकी ४० गुणांचे दोन लेखी पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. लेखी पेपरात रिकाम्या जागा आणि जोड्या असतातच, पण मोठे गुण कारणे देण्याला, आकृती वाचण्याला, तक्त्यावरून अनुमान काढण्याला असतात.

मार्गदर्शिकांमध्ये वैज्ञानिक पद्धत बहुधा जिन्यासारखी दिलेली असते : निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. पायऱ्या पाठ होतात, पण जिना चढला जात नाही. कारण खरी गोष्ट या यादीत नसते. आपल्या मनात आलेले कारण चुकीचे असेल तर ते आपल्याला कळेल कसे, हा प्रश्न विचारणे म्हणजे ही पद्धत.

प्रौढांची अडचण चौदा वर्षांच्या मुलापेक्षा वेगळी असते. मुलाकडे अनुभव कमी असतो. प्रौढाकडे तो भरपूर असतो आणि त्यातून आलेली उत्तरेही तयार असतात. दात पिवळे कशाने? खर्ऱ्याने. अळी का वाढली? ढगाळ वातावरणाने. ही उत्तरे कधी बरोबर असतात, कधी अर्धी बरोबर. शिक्षकाने ती खोडून काढली की वर्ग गप्प होतो. ती फळ्यावर लिहून ‘हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे?’ असे विचारले, तर वर्ग बोलू लागतो.

केळापूरच्या पाण्यावरून काय शिकवता येईल?

तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. या परिसरातील भूजलात फ्लोराइड आढळते हे नवे नाही. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ साली पांढरकवडा भागातील भूजलातल्या फ्लोराइडवर शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. खडकांतील फ्लोराइडयुक्त खनिजे पाण्यात हळूहळू विरघळतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर बराचसा फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात खाली बसतो, कमी असेल तर पाण्यातच राहतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी मुलांच्या दातांवर डाग आणि पुढे हाडे-सांध्यांचा त्रास. दातांवरचे डाग एकदा पडले की जात नाहीत. त्यामुळे धडा परीक्षेपुरता राहत नाही. शिकणाऱ्या बाईच्या घरात पाच वर्षांचे मूल असेल तर तिला तो आजच हवा आहे.

वर्गात सुरुवात डागांपासून करता येते. फळ्यावर तीन कारणे लिहायची : खर्रा-तंबाखू, दात न घासणे आणि पाणी. मग प्रत्येकाकडून भाकीत काढून घ्यायचे.

खर्रा हे कारण असेल, तर खर्रा न खाणाऱ्या लहान मुलांच्या दातांवर डाग नसायला हवेत. न घासणे हे कारण असेल, तर एकाच घरात नियमित घासणाऱ्याचे दात स्वच्छ दिसतील आणि दात चांगले साफ केले की डाग निघतील. पाणी हे कारण असेल, तर एका स्रोताचे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांत डाग जास्त आढळतील. शिवाय ते उजव्या-डाव्या बाजूला जोडीने, आडव्या रेघांसारखे असतील, कारण दोन्हीकडचे दात एकाच वेळी घडत होते.

आता चौथा प्रश्न येतो आणि तो बहुतेक वेळा एखादी बाईच विचारते. दुसऱ्या गावातून लग्न होऊन आलेली सून दहा वर्षे हेच पाणी पिते, तिचे दात पांढरे कसे? पाणी हे कारण इथे खोटे ठरले, असे वाटते. पण पक्क्या दातांचे आवरण घडते ते साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत. त्यानंतर आलेल्या माणसाच्या दातांवर हे डाग पडत नाहीत. म्हणजे गृहीतक थोडे बदलावे लागले : ‘पाण्याने डाग पडतात’ हे पुरेसे नाही, ‘दात घडण्याच्या वयात प्यालेल्या पाण्याने डाग पडतात’. मग त्यावरून नवे भाकीत निघते. सुनेचे दात स्वच्छ, पण तिच्या इथेच वाढलेल्या मुलांच्या दातांवर डाग. हे तपासता येते. दोन घरे पाहून ठरवायचे नाही, हेही तिथेच सांगता येते.

हे आधी कुणी केले आहे का?

अमेरिकेतील फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि कारण कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे त्याच्याही लक्षात तीच गोष्ट आली : तिथेच लहानाची मोठी झालेली माणसे डागाळलेली, मोठेपणी आलेली नाहीत. पाण्यावर संशय होता, पण पाण्याच्या तपासणीत काही सापडेना.

१९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातील ओकली गावी गेला. तिथे एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग दिसू लागल्याचे पालक सांगत होते. मॅकेने ती नळयोजना सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यायला सांगितले. काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. तोवर पाण्यात नेमके काय आहे हे कुणाला माहीत नव्हते! ते कळले १९३१ मध्ये, एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने अधिक बारकाईची तपासणी केल्यावर. घटक होता फ्लोराइड. भारतात फ्लोरोसिसची नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली.

तीस वर्षांची ही गोष्ट वर्गात सांगायला दहा मिनिटे पुरतात. कारणाचे नाव कळण्याआधीही उपाय सापडू शकतो, आणि तपासणीत काही सापडले नाही म्हणजे काही नाहीच असे नव्हे, हे दोन मुद्दे त्यातून आपोआप येतात. गाइडमध्ये ते शोधून सापडणार नाहीत.

तपासणी गावात करता येते?

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ठरावीक पाण्यात रसायनाचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा, अशी ती पद्धत. दहावी न झालेली बाईही हे काम करते, आणि ते करताना विज्ञानाच्या पेपरातील निम्म्या संज्ञा तिच्या हातून जातात. फक्त त्यांची नावे तिला कुणी सांगितलेली नसतात.

नमुना घेण्याआधी पंप काही वेळ हापसणे, बाटली त्याच पाण्याने विसळणे, प्रत्येक वेळी पाणी आणि थेंब मोजून तेवढेच घेणे हे झाले ‘नियंत्रित चल’. स्रोत बदलला तो ‘स्वतंत्र चल’. रंग बदलला तो ‘अवलंबी चल’. रंग डोळ्यांनी जुळवायचा असल्याने दोघींनी वेगवेगळा वाचावा आणि बाटली कोणत्या पंपाची हे वाचणारीला आधी सांगू नये. ‘तो पंप खराबच आहे’ हे ठाऊक असले की डोळ्यालाही रंग तसाच दिसू लागतो. शंकास्पद नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. संच चाळणीसारखा आहे, अंतिम निकाल प्रयोगशाळेचा.

याच पाण्यावर एक गणितही सुटते. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला जंतूंसाठी योग्य आहे. फ्लोराइडचे काय? समजा दोन लिटर पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. पाणी आटून एक लिटर उरले, तर वाफ झाली ती पाण्याची. फ्लोराइड भांड्यातच राहिला. आता लिटरमागे ४ मिलिग्रॅम. उकळण्याने तो घटला नाही, त्याची तीव्रता दुप्पट झाली. काढायचा तर वेगळी प्रक्रिया हवी. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना प्रमाणात मिसळून तो साक्यासोबत खाली बसवला जातो. तुरटीचा खडा घरी नुसता फिरवून हे साधत नाही. इथे प्रमाणच महत्त्वाचे.

बोंडअळीचा धडा कोणत्या प्रकरणात बसतो?

दहावीच्या भाग २ मधील पहिलेच प्रकरण आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचे आहे. डार्विन, लॅमार्क, नैसर्गिक निवड ही नावे ऐकून प्रौढ वर्ग कंटाळतो. पण ‘अळीला औषधाची सवय झाली’ हे वाक्य शिवारात सगळेच बोलतात. हे वाक्य म्हणजे जवळजवळ लॅमार्क आहे. सवयीने शरीर बदलले आणि तो बदल पिल्लांत उतरला, असा त्याचा अर्थ होतो. पेपरात अपेक्षित आहे तो डार्विन. बीटी कपाशीतील विषारी प्रथिनाने बहुतेक अळ्या मेल्या. मुळातच वेगळ्या असलेल्या मोजक्या अळ्या वाचल्या. पुढच्या पिढ्या त्यांच्याच झाल्या. एकाही अळीला सवय लागलेली नाही, लोकसंख्येतील प्रमाण बदलले.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुके असलेले वाण २००६ मध्ये आले आणि २०१७ च्या खरिपात विदर्भात गुलाबी बोंडअळीने थैमान घातले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट कशासाठी दिले जात होते, हे अनेकांना अजून ठाऊक नाही. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकारक अळ्यांचे प्रमाण वाढू नये, हा हेतू होता. बऱ्याच ठिकाणी ती ओळ पेरलीच गेली नाही. अमेरिकेने मात्र वांझ केलेले पतंग सोडण्यासह अनेक उपाय एकत्र वापरले आणि २०१८ मध्ये आपला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर केला.

नमुना घेणे शिकवायला याहून चांगले साहित्य नाही. शिफारस अशी की कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, किंवा फुले आणि हिरवी बोंडे दहा टक्के किडलेली आढळली, तर उपाय करायचा. मग वीस बोंडे तोडून फोडायची, दोनमध्ये अळी निघाली की दहा टक्के. पण ती वीस बोंडे कुठून तोडायची? धुऱ्यालगतच्या एकाच ओळीतून तोडली तर तो शेताचा हिशेब होत नाही, धुऱ्याचा होतो. डोमकळी दिसली म्हणून तेवढीच झाडे निवडली तर आकडा फुगतो. शेतात नागमोडी चालत, मोजून ठरावीक पावलांवर एकेक बोंड घेतले तर तो ‘प्रातिनिधिक नमुना’.

आणि ‘फवारले, अळी गेली’ हा पुरावा का नाही? त्याच आठवड्यात पाऊस पडला असेल. अळी बोंडाच्या आत शिरली असेल, तर ती वरून दिसत नाही आणि फवारा तिच्यापर्यंत पोहोचतही नाही. फरक कळायला चार ओळी न फवारता ठेवाव्या लागतात. इथे शेतकरी हमखास अडतो, आणि त्याचे अडणे रास्त आहे : चार ओळींचा कापूस गेला तर भरून कोण देणार? म्हणूनच अशा चाचण्या कृषी संशोधन केंद्रांच्या जमिनीवर होणे आवश्यक असते. वर्गाने तुलना समजून घ्यावी, ती स्वतःच्या पिकावर करून पाहण्याची सक्ती नको.

माणसांवर प्रयोग करता येत नाही, तेव्हा?

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कारणे अनेक सांगितली गेली : दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण, जोरात फवारणारे पंप, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, तोंडाला फडकेही नसणे. यातले कोणते किती जबाबदार, हे ठरवायला कुणाला मुद्दाम विष देता येत नाही. मग आजारी पडलेले आणि फवारूनही आजारी न पडलेले अशा दोन गटांची तुलना करावी लागते : मिश्रण कोणते, पंप कोणता, किती तास, वारा कुठून. तुलना इथेही आहे, फक्त ती घडून गेल्यानंतर केलेली.

या घरांतली माणसे वर्गात असू शकतात, हे शिक्षकाने विसरू नये. विषय काढायचा तर डब्यावरील खुणेपासून काढावा. हिऱ्याच्या आकाराच्या चौकोनातील खालचा त्रिकोण लाल असेल तर अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज आहे. त्याचा अर्थ इतकाच की इतरांच्या तुलनेत विषारीपणा कमी.

भाषेचे काय करायचे?

तालुक्यात कोलाम आणि गोंड वस्ती मोठी आहे. कोलामी किंवा गोंडी घरात बोलणाऱ्याला पुस्तकी मराठी ही दुसरी भाषा, आणि ‘गृहीतक’, ‘अवलंबी चल’ ही तिसरी. मराठी घरातल्यालाही ‘चल’ म्हटले की ‘चल, जाऊ’ आठवते. आधी रोजचा शब्द, मग पेपरातला. अदमास म्हणजे गृहीतक. हिशेबाचा ताळा पाहणे म्हणजे पडताळा. न फवारलेली ओळ म्हणजे नियंत्रित गट. पेपरात पुस्तकी शब्दच लिहायचा, कारण तपासणारा तोच शोधतो.

उत्तरपत्रिकेत हे कसे उतरवायचे?

समजा तक्ता आला : विहीर एक ०.६, विहीर दोन ०.९, हातपंप एक २.१, हातपंप दोन ३.४ मिलिग्रॅम प्रतिलिटर. प्रश्न, ‘यावरून निष्कर्ष लिहा.’ नेहमीचे उत्तर येते, ‘हातपंपाचे पाणी वाईट असते.’ याला पूर्ण गुण मिळणे कठीण. ‘तपासलेल्या दोन्ही हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, दोन्ही विहिरींच्या पाण्यात कमी आहे’ हे उत्तर तक्त्यावर उभे आहे. पुढे ‘का’ विचारले तरच खोल भूजलाचा खडकाशी अधिक काळ संपर्क येतो, हे कारण लिहायचे. आणि ‘सर्व हातपंपांबाबत असे म्हणता येईल का?’ असे विचारले, तर उत्तर नाही : नमुने फक्त दोन आहेत.

‘शास्त्रीय कारणे’ लिहितानाही तीन वाक्यांची सवय लावता येते. पहिल्यात तत्त्व, दुसऱ्यात ते या प्रसंगाला कसे लागू पडते, तिसऱ्यात परिणाम. उकळण्याचेच उदाहरण घ्या : फ्लोराइड बाष्परूपात निघून जात नाही, पाणी उकळताना फक्त पाण्याची वाफ होते, म्हणून उरलेल्या पाण्यात त्याची तीव्रता वाढते. दोन गुणांच्या प्रश्नाला एवढे पुरते. दोन तासांत ४० गुण सोडवायचे असल्याने त्याहून लांब लिहायला वेळही नसतो.

प्रात्यक्षिकाचे २० गुण खासगी विद्यार्थी सहज सोडून देतात. नेमून दिलेल्या शाळेत जायला एका दिवसाची मजुरी बुडते, हे त्यामागचे खरे कारण असते. तिथल्या तारखा दिवाळीनंतरच विचारून ठेवलेल्या बऱ्या. प्रयोगवहीत मांडणी, निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळे लिहायचे, आणि आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तरी आला तोच लिहायचा.